पाठमोरी हजेरी

लाऊथ, लिंकनशर
८ फेब्रुवारी १९८७

प्रिय मिस क्विल,

माझं नाव पाहून तुम्हाला काही आठवेल की नाही, सांगता येत नाही. डेझमंड पास्क. बेटावरच्या नऊ लहानग्यांपैकी सहावा. अंघोळीनंतर कानातली वाळू काढून घ्यायला डोकं वाकडं करून तुमच्यापुढे उभा राहायचा, तो. आता बावन्न वर्षांचा आहे. इथल्या प्राथमिक शाळेत शिकवतो. कान अजूनही कटकट करतात.

तुमचा पत्ता रोलंड थ्रिंगनं दिला. चौदा वर्षांचा असताना तो आपल्याला हुकूम सोडायचा, आता निवृत्त वकील झालाय आणि टपालानं हुकूम सोडतो. येत्या जूनमध्ये आपल्या सुटकेची आठवण म्हणून एक छोटी पुस्तिका काढायचं त्यानं ठरवलंय. मोठ्या मुलांनी मासे कसे धरले, टेकडीवरून जहाजांवर नजर कशी ठेवली, हे सगळं तो स्वतः लिहिणार. माझ्या वाट्याला चार पानं आली आहेत. विषय: लहानग्यांचा दिवस. आमचा दिवस आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक, म्हणून मसुदा सोबत उतरवतो. चुका काढाव्यात, ही विनंती.

‘मार्च १९४१. लढाईमुळे आम्हाला न्यूझीलंडला नातेवाइकांकडे पाठवत होते. जहाज बुडालं तेव्हा एका होडीत आम्ही चौदा मुलं आणि एक म्हातारा खलाशी होतो. त्यानं आम्हाला बेटाच्या किनाऱ्याला लावलं आणि चौथ्या दिवशी तो तापानं गेला. उरले चार मोठे मुलगे, तेरा वर्षांची हेस्टर क्विल आणि पाच ते सात वर्षांचे नऊ लहानगे. मोठे मुलगे बेटाच्या पलीकडच्या टोकाला राहायला गेले. मुलगी म्हणून लहानगे हेस्टरच्या गळ्यात पडले. तिने आम्हाला उंचीप्रमाणे उभं करून एक ते नऊ नंबर दिले.

‘सकाळी आधी परसाकडे, तेही काळ्या खडकाच्या पलीकडे. मग उथळ पाण्यात अंघोळ. मग भाजलेला नीरफणस. त्यानंतर दुपारपर्यंत आम्ही मोकळे. ओल्या वाळूत आम्ही आमचं गाव वसवलं होतं. प्रत्येकाच्या घरापुढे इंग्लंडमधला त्याचा खरा रस्ता. एका खेकड्याला दोरा बांधून चौकात उभा केला होता, तो पोलीस. हिरवी फळं खाऊन रोज कुणाचं तरी पोट बिघडायचं. चार वाजले असं हेस्टरने सांगितलं की करवंट्यांमध्ये पाणी घेऊन आमचं चहापान चाले. “साखर किती?” “दोन चमचे.” “दोन नाही मिळणार, लढाई आहे.” अंधार पडायच्या आधी झोपडीत, नंबराप्रमाणे आडवं व्हायचं. एक रडायला लागला की बाकीचे शिस्तीत मागोमाग रडत. हेस्टर दाराशी बसून लाल पुलोव्हर उसवून दोन काड्यांवर आमच्या टोप्या विणायची.’

एवढंच झालंय. ठीक आहे का ते कळवावं.

आपला,
डेझमंड पास्क


लाऊथ
२२ फेब्रुवारी

प्रिय मिस क्विल,

तुमचं कार्ड मिळालं. पुलोव्हर निळा होता, हे दुरुस्त केलं. टोप्या नव्हत्या, पायमोजे होते आणि तेही सहाच झाले, हेही दुरुस्त केलं. तुमचं टेनबीत लोकरीचं दुकान आहे हे कार्डावरच्या शिक्क्यावरून कळलं. बरं वाटलं.

कार्डाच्या शेवटी तुम्ही विचारलंय, ‘यात क्लेमंट ऑर्म कुठे आहे?’

येणार आहे. मसुदा अपुरा आहे, मिस क्विल. मी संथ लिहिणारा माणूस. तर रविवारचं लिहितो, तिथे तो आपसूक येतो.

रविवारी प्रार्थना झाली की घरी पत्र. तुमच्या निवासी शाळेत हा नियम होता, म्हणून तुम्ही बेटावरही तो सोडला नाहीत. जाड रुंद पानावर काट्यानं ओरखडलं की थोड्या वेळानं अक्षरं तपकिरी होऊन वर यायची. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते चित्र काढत. पत्रं टाकायला काळ्या खडकातलं एक भोक होतं. भरती आली की त्यातून पानं समुद्रात जात, आणि आम्ही ‘टपाल निघालं’ म्हणून टाळ्या वाजवत असू.

क्लेमंट सगळ्यांत लहान, पाच वर्षांचा. उंचीनं मात्र सातवा, त्यामुळे तो माझ्या शेजारी झोपायचा. घरच्या जिन्यावरून पडून त्याचा समोरचा दात तुटला होता आणि ‘स’ म्हणताना बारीक शीळ वाजायची. त्याच्या स्वतःच्या नावात ‘स’ नव्हता, नंबरानं मात्र त्याला पकडलं. “सात” म्हणताना रोज शीळ. आम्ही रोज हसायचो. तोही हसायचा.

तो आईला लिहायचा आणि सोमवारी सकाळी खडकाशी जाऊन उत्तर आलं का पाहायचा. “सात रविवार झाले,” एकदा तो मला म्हणाला, “आई इतकी आळशी नाही.” एवढं या खेपेला पुरे.

आपला,
डेझमंड पास्क


लाऊथ
१५ मार्च

प्रिय मिस क्विल,

थ्रिंगचं पत्र आलं आहे. क्लेमंटच्या हरवण्याबद्दल ‘संयमानं, पण स्पष्ट’ लिहायचं असा त्याचा आग्रह. त्यानं वाक्यच तयार करून पाठवलंय, मी फक्त ते माझ्या पानात बसवायचं: ‘दुर्दैवाने त्या दोन दिवसांत लहानग्यांची मोजणी झाली नव्हती.’ तेव्हाच्या चौकशीच्या कागदांत असंच आहे, म्हणून तो निर्धास्त आहे. पुस्तिका मेअखेर छापखान्यात जाईल. पहिली प्रत समारंभात क्लेमंटच्या आईच्या हातात द्यायची. मिसेस ऑर्म हेरफर्डला असतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत.

तुम्हाला हे कळवणं मला योग्य वाटलं.

तुम्ही मोजत होतात, हे मला माहीत आहे. ते कसं, तेही मी मसुद्यात लिहून ठेवलंय. सकाळी आम्ही नऊ जण नागडे होऊन पाण्यात उतरायचो आणि तुम्ही काठावरच्या दगडावर आमच्याकडे पाठ करून बसायचात. तेरा वर्षांची मुलगी मुलग्यांची अंघोळ बघत बसणार नाही, मग ते मुलगे पाच वर्षांचे असोत आणि आजूबाजूला हजार मैल माणूस नसो. विणकामावरून मान न उचलता तुम्ही म्हणायचात, “नंबर!” आणि आम्ही पाण्यातून ओरडायचो. एक, दोन, तीन. संध्याकाळी तेच झोपडीच्या दारातून, आत काही दिसत नसताना. एखादा नंबर आला नाही तर दुसऱ्या दिवशी वाळू बंद, सगळ्यांनी झोपडीत बसायचं. ही शिक्षा एकदाच झाली. पुढे कुणाचाही नंबर कधी चुकला नाही.

मी शाळेत सत्तावीस वर्षं हजेरी घेतोय. प्रत्येक मुलाकडे मान वर करून बघतो, त्यानं माझ्याकडे बघेपर्यंत पुढचं नाव घेत नाही. पोरं कंटाळतात. “सर, मी आहे हो, इथेच आहे, कालच्यासारखाच आहे!” एक मुलगी तर म्हणाली, “सर, हात लावून बघता का?” त्यावर मी हसतो आणि तरीही बघतो.

ते वाक्य मी अजून बसवलेलं नाही.

आपला,
डेझमंड पास्क


लाऊथ
२९ मार्च

हेस्टर,

आता ‘मिस क्विल’ म्हणवत नाही. बेटावर ‘तू’ होतीस, इथेही ‘तू’च बरी.

तुझं कार्ड चार दिवस खिशात घेऊन फिरलो. ‘ते वाक्य शेहेचाळीस वर्षं माझ्या नावावर आहे. छापलंत म्हणून ते आणखी खरं होणार नाही. तुमच्या मसुद्यात दुरुस्ती करण्याजोगं आता काही नाही.’ रागानं लिहिलं असतंस तर सोपं झालं असतं.

मग ऐक. तू मोजलंस. तीनदा मोजलंस आणि तिन्ही वेळा नऊ आले. सातवा मी होतो.

त्या सोमवारी पाण्यात उतरायच्या आधी क्लेमंट माझ्या कानाशी आला. “डेझ, माझा नंबर तू म्हण ना. मी जाऊन येतो.”

“कुठे?”

“पोस्टात.”

“अन् तिला कळलं म्हणजे?”

“तिची पाठ असते की. शीळ घालून म्हण.”

त्यानं शपथ म्हणून छातीवर फुली मारायला लावली, मी मारली. तो झुडपात शिरला. हातात पानांची चवड होती, लव्हाळ्यानं बांधलेली. तू म्हणालीस “नंबर!” मी माझ्या आवाजात “सहा” म्हटलं, जीभ दातांच्या फटीत घातली आणि म्हटलं “सात”. आठवा हसून पाण्याखाली गेला, त्याचा नंबर उशिरा आला. तू ओरडलीस, “आठ, खेळ पुरे!” तुला आठवत असेल. त्या हसण्याचं कारण हे होतं.

मला केवढा आनंद झाला होता, हेस्टर. बेटावर आल्यापासून मला काहीही इतकं चांगलं जमलं नव्हतं.

संध्याकाळी तो परत आला नव्हता. सांगितलं असतं तर तो पकडला गेला असता, मीही, आणि वाळू बंद झाली असती. शिवाय चुगली. शाळेतल्या पहिल्या आठवड्यात आम्हाला बुटांच्या नाड्या बांधायला शिकवलं नव्हतं, पण चुगली करायची नाही हे शिकवून झालं होतं. झोपडीत आठही जणांना ठाऊक होतं आणि आठही जणांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. तू दारातून विचारलंस, मी पुन्हा शीळ घातली. या खेपेला कुणी हसलं नाही. मंगळवारी सकाळी तिसऱ्यांदा. तेव्हा माझा आवाज कापत होता आणि तू विचारलंस, “सात, थंडी वाजते का?” मी त्याच्याच आवाजात “नाही” म्हटलं.

एरवी तू तुकडे पानावर ठेवून जायचीस आणि आम्ही आपापले उचलायचो. त्या संध्याकाळी तू नीरफणसाचे नऊ तुकडे घेऊन आलीस, हातोहात वाटलेस आणि एक उरला. तू तो तुकडा हातात धरून उभी राहिलीस. आमचे चेहरे एकेक करून पाहिलेस. तुझा तो चेहरा मी इथे लिहीत नाही.

बुधवारी पलीकडच्या खडकांवर त्याची पानांची चवड सापडली. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यानं वर दगड ठेवला होता. घरून निघताना गळ्यात अडकवलेली नावाची चिठ्ठी शेजारी. तो सापडला नाही. पुढे पंधरा दिवसांनी जहाज आलं.

चौकशीच्या वेळी मला एका टेबलावर बसवलं होतं. समोरचा माणूस प्रेमळ होता, त्यानं मला चोखायला साखरेची गोळी दिली. “हेस्टर म्हणते, तिने नंबर विचारले आणि सातवा नंबर तिला ऐकू आला. तुम्हा मुलांपैकी कुणी ‘सात’ म्हटलं होतं का?” मी मान हलवली. नाही. तू भिंतीशी बाकावर बसली होतीस. तुला वाटलं असेल मी घाबरलोय. तू मला हात केलास.

सहा वर्षांच्या पोराला दोष देता येत नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. पण मी सोळा वर्षांचा झालो, सव्वीस झालो, मला मुलं झाली. प्रत्येक वेळी माझं कळण्याचं वय होतं आणि तुझा पत्ता शोधता आला असता.

डेझमंड


लाऊथ
३ मे

हेस्टर,

पाच आठवडे झाले. तू उत्तर द्यावंस असं मी काही केलेलं नाही, तेव्हा तक्रार नाही. रोज टपाल येतं तेव्हा दाराकडे कान असतो, एवढंच. बायको म्हणते, “उठून बघ, नाहीतर बसून खा.” ताटलीतलं अंडं गार होतं.

थ्रिंगला मी सगळं लिहून पाठवलं आणि त्याचं वाक्य काढून माझं घातलं: ‘हेस्टर क्विलने तिन्ही वेळा मोजणी केली. क्लेमंटच्या जागी मी उत्तर दिलं.’ त्याचा फोन आला. हुकमी आवाज तोच, चौदा वर्षांचा.

“पास्क, सहा वर्षांच्या पोराची आठवण म्हणजे आठवण नव्हे. कागद वेगळं सांगतो.”

“कागदाला मीच खोटं सांगितलं.”

“आणि त्या बाईचं काय? अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. समारंभाला केस सेट करून येणार आहे. तिच्या हातात तू हे ठेवणार?”

“मग हेस्टरच्या हातात काय ठेवायचं?”

 तो वकिलासारखा म्हणाला, “मिसेस ऑर्मनी लेखी संमती दिली तर छापतो. नाही दिली तर माझं वाक्य जाईल. वीस तारखेपर्यंत.”

खरं सांगू? मला त्याचा राग आला नाही. तोही तिथे होता. त्या सोमवारी सगळा दिवस ते चौघे त्याच खडकांपासून हाकेच्या अंतरावर मासे धरत होते आणि लहानगा एकटा येताना त्यांनी पाहिला नाही. पुस्तिकेत ते कुठेच नाही. लहानग्यांकडे बघायचं काम तुझं होतं ना.

तेव्हा हेरफर्डला जायला हवं. मी भ्यालो आहे. हे तुला सांगायचं कारण नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

डेझमंड


हेरफर्ड, स्टेशनाजवळचं अतिथीगृह
१७ मे, दुपारी

हेस्टर,

दोन तासांपूर्वी त्यांच्याकडून आलो. विसरायच्या आत लिहितो.

लहानशी, ताठ बाई. मला वाटलं होतं तसं घर क्लेमंटच्या फोटोंनी भरलेलं नव्हतं. एकच होता, फडताळावर, चहाच्या डब्याशेजारी. जिना मात्र तोच, अरुंद, वळणाचा. मी त्याकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं.

“तिसऱ्या पायरीवरून,” त्या म्हणाल्या. “दात आम्हाला सापडलाच नाही. बिस्किट घ्या.”

मी बिस्किट हातात धरून सगळं सांगितलं. तुला लिहिलं होतं ते, आणि तुला लिहिलं नव्हतं तेही. ते आता तुलाही सांगतो, कारण तू माझ्याकडून अर्धवट ऐकायची नाहीस यापुढे.

पोस्टात जायची कल्पना क्लेमंटची नव्हती. रविवारी तो खडकाशी बसून रडत होता आणि मला त्याचा कंटाळा आला होता. मी म्हणालो, “वेड्या, हे खरं पोस्ट नाहीच. खरं पोस्ट पलीकडे आहे, मोठ्या मुलांच्या बाजूला. त्यांना रोज पत्रं येतात.” त्यानं विचारलं, “लाल पेटी आहे?” मी म्हणालो, “मोठ्ठी.” मी थट्टा करत होतो. दुसऱ्या दिवशी तो तिथे निघाला तेव्हा थट्टा होती हे सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर मला शीळ घालता आली नसती.

 मिसेस ऑर्म उठून खिडकीतल्या कुंडीची वाळकी पानं खुडू लागल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, “म्हणजे ती मुलगी मोजत होती.”

“हो.”

“मी तिच्याशी बोलले नव्हते. मुलांचं जहाज परत आलं तेव्हा बंदरावर ती माझ्याकडे चालत आली होती. काहीतरी द्यायचं होतं तिला. लोकरीचं काहीतरी. मी तोंड फिरवलं.”

“पायमोजे असतील,” मी म्हणालो. “सहाच झाले होते.”

“मोजत होती,” त्या पुन्हा म्हणाल्या. “आणि तिला तो ऐकू आला.”

“तिला मी ऐकू आलो.”

त्या वळल्या. “कसं म्हणालात?”

“काय?”

“सात. म्हणून दाखवा.”

हेस्टर, मी बावन्न वर्षांचा आहे. मला चष्मा आहे, पोट सुटलंय, माझ्या मांडीवर बिस्किटाचा चुरा पडला होता. मी म्हणालो, मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, “तेव्हा जमलं होतं.” आणि माझ्याकडे पाठ करून पुन्हा कुंडीपाशी उभ्या राहिल्या.

मी जीभ फटीत घातली आणि म्हटलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “इतका हळू नव्हता तो. घाई असायची त्याला.”

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी हातानं खूण केली, परत. तिसऱ्यांदा तो आवाज आला. मी आणला नाही, तो आला. शिळेसकट, शेवटी हसू येतं त्यासकट. त्यांचा हात कुंडीच्या काठावर राहिला. घड्याळ चालत होतं. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली.

“हां,” त्या म्हणाल्या. “हाच.”

आणि मग, “मीसुद्धा फसले असते.”

त्यांनी कागद मागितला. संमती लिहून दिली, सहीखाली तारीख घातली. थ्रिंगला तो कागद आज संध्याकाळच्या टपालानं जाईल. मी रडत होतो. त्यांनी मला रुमाल दिला नाही. म्हणाल्या, “मी तुम्हाला माफ केलं असं समजून जाऊ नका. ते मला अजून ठरवायचंय, आणि मला घाई नाही. चहा ओता.” मी चहा ओतला. साखर किती, म्हणून विचारलं. “दोन,” त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी तुझा पत्ता विचारला. पत्र लिहितील असं वाटलं मला. त्या म्हणाल्या, “पत्रानं नाही. त्या मुलीला मी तोंड फिरवून दाखवलंय, तेव्हा तोंडच न्यायला हवं.” शनिवारी आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं टेनबीला येतोय. दुपारी दोनच्या सुमारास तुझ्या दुकानाशी पोचू. त्या बाहेर थांबणार नाहीत, त्यांना आत यायचंय, पण तू म्हणशील तरच. त्यांना ते पायमोजेही बघायचेत, असले तर.

दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मला बघायची इच्छा नसेल तर बघू नकोस. दाराच्या आत आमच्याकडे पाठ करून बस, हातात विणकाम घे आणि फक्त म्हण, “नंबर.”

मी सहा म्हणेन. सहाच म्हणेन, आणि थांबेन.

डेझमंड